कुंकवासकट नोटेशन

साताऱ्याच्या माजी सैनिक मेळाव्यात आष्ट्याच्या जयहिंद ब्रास बँडनं पलटणीची धून सपशेल चुकीची वाजवली, आणि त्याबद्दल बँडला शाल, नारळ आणि पुढच्या वर्षाचं आमंत्रण मिळालं.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. बँडच्या बैठकीत हात वर करून एकमतानं तसं ठरलंय. नाथाजीच्या दोन्ही हातांत झांजा होत्या आणि त्यानं दोन्ही हात एकदम वर नेले, तेवढा एक आवाज सोडला तर बैठक शांततेत पार पडली. तेव्हा आपण सॉफ्टवेअरबद्दल बोलू.

छापील नोटेशनचे कागद स्कॅन करून ते कॉम्प्युटरवर दुरुस्त करता येतील असं सॉफ्टवेअर निवडायचं काम फिरदोस मुलाणीकडं आलं. फिरदोस सांगलीत खणभागातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचं डीटीपी करायची. रोज सकाळी आष्ट्याहून एसटीनं जायची, दिवसभर लोकांच्या काका-मामांची नावं मानपानाप्रमाणं वरखाली करायची आणि संध्याकाळी परत यायची. बँडवाल्यांचा हिशेब सरळ होता. जी पोरगी जुनी पत्रिका स्कॅन करून तिच्यातला नवरदेव बदलू शकते, तिला एखादा सूर बदलायला काय जड जाणार? शिवाय तिचा बाप बशीर हा बँडचा पहिला क्लॅरिनेटवाला. त्याच्या हाताखाली तिला नोटेशन जुजबी वाचता यायला लागलं होतं. म्हणजे पाच आडव्या तारा, तारांवर बसलेले काळे गोळे, गोळा जेवढा वर तेवढा सूर उंच, एवढं कळत होतं.

बँडमास्तर होते जोतीराम खोत. लष्कराच्या बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त. निवृत्तीला बाकीच्यांनी घड्याळं घेतली, यांनी पलटणीच्या धुनेचे छापील कागद मागून घेतले. प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, असा पुरा संच. गावात येऊन त्यांनी त्या कागदांभोवती बँड उभा केला, आणि बँडला एकच नियम लावला.

"कागदावर हाय ते वाजवायचं. डोकं घरी ठिवून यायचं."

बऱ्याच जणांना हा नियम पाळायला काहीच त्रास झाला नाही.

तर साताऱ्याचं आमंत्रण आलं आणि त्यात लिहिलं होतं, की पहिल्या खुर्चीवर सुभेदार शंभूराज घोरपडे बसणार आहेत. घोरपडे म्हणजे मास्तरांचे पलटणीतले उस्ताद. मास्तरांना युफोनियमचं जड पितळी वाद्य धरायला त्यांनी शिकवलं, श्वास घ्यायलाही त्यांनीच शिकवलं. पण सबंध नोकरीत त्यांनी मास्तरांच्या वाजवण्याला एकदाही 'बरोबर' म्हटलं नव्हतं. चुकलं की छडीनं बूट ठोकायचे आणि बरोबर आलं की दुसरीकडं बघायचे. आता त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती.

"एकदा म्हणाय पायजे गड्या," मास्तर बशीरला म्हणाले. "मी जायच्या आधी न्हाईतर त्येंच्या जायच्या आधी. पलटणीसारखं वाजलं, एवढंच."

अडचण अशी होती, की बँडमधले दोन्ही हॉर्नवाले गेले होते. एक दुबईला गेला आणि दुसरा सरपंच झाला. त्यांच्या जागी दोन सॅक्सोफोनवाले आले. हॉर्नचा कागद सॅक्सोफोनला जसाच्या तसा चालत नाही, सगळे सूर सरकवून नव्यानं लिहावे लागतात. हे काम पूर्वी मास्तर हातानं करायचे. पण हल्ली त्यांचा हात कापायचा. त्यांनी काढलेला गोळा नेमका कुठल्या तारेवर बसलाय हे विचारलं, तर गोळा अजून बसलेला नाही असंच म्हणावं लागे.

म्हणून सॉफ्टवेअर. आणि निवडायची पद्धत मास्तरांना एकच माहीत होती.

"किती आल्यात भरतीला?" त्यांनी विचारलं. त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात सगळा बँड मांडी घालून बसला होता आणि मधे पाटावर फिरदोसचा लॅपटॉप होता.

"तीन हायत, काका. एक फुकटचं. एक मोबाईलवरचं. आन एक विकतचं हाय, पर महिनाभर फुकट वापराय देत्यात."

"फुकटचं पुढं घे. गरिबाघरची पोरं पळायला चांगली असत्यात."

फिरदोसनं क्लॅरिनेटचा कागद स्कॅन केला आणि फुकटच्या सॉफ्टवेअरला दिला. लॅपटॉपचा पंखा असा फिरायला लागला की मास्तरांच्या बायकोनं, बनुबाईनं, वाळत घातलेले सांडगे घाईघाईनं आत घेतले. बऱ्याच वेळानं पडद्यावर तारा उमटल्या, तारांवर गोळे उमटले, आणि कॉम्प्युटरच्या पिपाणीसारख्या आवाजात पलटणीची धून वाजायला लागली.

मास्तरांनी डोळे मिटले. बशीरचा पाय आपोआप हलायला लागला.

आष्ट्याकडच्या कुठल्याही माणसाला ही धून कळते. ती चालता चालता मधेच एका पायावर रेंगाळते, मग दुसरा पाय घाईनं पुढं टाकते, पुन्हा दोन पावलांनी रेंगाळते. वरातीत लोक तिच्यावर जीव टाकून नाचायचे. दुसऱ्या बँडांनी ती उचलायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते रेंगाळणं जमलं नाही. लोक म्हणायचे, ती लष्करी चाल हाय, ती शिकाय बॉर्डरवर जावं लागतं.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "ह्येलाच घिऊ."

तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा निळा झाला. फिरदोसनं बंद करून चालू केला. त्यानंतर ते सॉफ्टवेअर परत उघडलंच नाही. उघडायला गेलं की मेमरी कमी आहे म्हणायचं.

"मेडिकलला फेल," मास्तर म्हणाले. "पळताना पडलेलं पोरगं उचलायचं नसतं. फुडचं."

मोबाईलवरच्या सॉफ्टवेअरनं कागदाचा फोटो काढून घेतला, पहिली ओळ चटकन वाचली आणि दुसऱ्या ओळीच्या जागी रमीची जाहिरात दाखवली. फिरदोसनं ती बंद केली तर दुसरी आली. "थांब की, बघू तरी," म्हणत नाथाजीनं मोबाईल घेतला आणि सोप्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तो पुढं आठवडाभर तालमीला आला नाही.

तिसऱ्यानं मात्र शर्ट काढायच्या आधीच छाती फुगवून दाखवली. कागदाच्या घड्या पुसल्या, पिवळेपणा पुसला, कडेचं वाळवीनं खाल्लेलं सुद्धा भरून काढलं. सगळ्या वाद्यांचे कागद वाचले. हॉर्नचे सूर सरकवून सॅक्सोफोनसाठी मांडून दिले. फिरदोसनं कौतुकानं धून लावली. धून सरळ, टाचेला टाच लावून, सोप्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली.

"चूक," मास्तर म्हणाले.

"कुठं काका?"

"सगळीकडंच. पाय उचलतोय पर टेकवाय जागा न्हाई."

"व्हय की," बशीर म्हणाला. "म्हशीला पट्टीवरनं चालवल्यागत वाटतंय."

"फिरदोस, ह्येची चूक काढ आन भरती करून टाक. हुशार हाय, शिस्त लावू."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत फिरदोस चूक काढायला बसली. पत्रिकेतली गळलेली वेलांटी शोधतात तसं तिनं जुन्या कागदाचं चित्र आणि नवं नोटेशन शेजारी शेजारी ठेवलं आणि मोठं करत नेलं. फरक लगेच दिसला. जुन्या कागदावर काही गोळ्यांच्या उजव्या बाजूला एकेक ठिपका होता. नव्यावर नव्हता. आणि नोटेशनमध्ये गोळ्याशेजारी ठिपका असला, की तो सूर दीडपट लांबवायचा असतो. म्हणजे सॉफ्टवेअरनं ठिपके खाल्ले.

ती कंपनीला तक्रार लिहिणार होती. पण मोठं करून बघायची सवय वाईट. तिनं अजून मोठं केलं. गोळा काळा होता. ठिपका तपकिरी होता. त्याच्या कडेला पिवळं होतं.

तिनं पिशवीतनं मूळ कागद काढला, बोट ओलं केलं आणि एका ठिपक्यावर टेकवलं. ठिपका बोटाला आला.

फिरदोसनं डबा झाकून ठेवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. सुतार करवतीची करतो, शेतकरी ट्रॅक्टरची करतो, बँडवाले वाद्यांची करतात. घोंगडं अंथरून वाद्यं मांडायची, झेंडूची फुलं घालायची, हळदीकुंकू लावायचं. मास्तरांनी त्यात कागदांचीही भर घातली होती, कारण त्यांच्या मते कागद हेच बँडवाल्याचं खरं हत्यार. प्रत्येकानं आपल्या कागदाला एक बोट लावायचं. बशीरही लावायचा, आधी मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणून. आता कुंकू गोळ्यावर लावलं तर सूर झाकला जातो, तो धुनेचा अपमान. म्हणून सगळेजण ते अदबीनं गोळ्याच्या शेजारी लावायचे. उजव्या हातानं लावत असल्यामुळं उजव्या बाजूला.

आणि दसरा झाला की मास्तर कागद समोर घेऊन बसायचे, आणि कागदावर आहे ते शिकवायचे.

दरवर्षी एकच ठिपका. एका वर्षी एक सूर दीडपट व्हायचा आणि त्याची भरपाई म्हणून पुढचा सूर चिमटला जायचा, आणि बाकीची वाद्यं त्याला जुळवून घ्यायची. घरातलं माणूस म्हातारं होताना घरच्यांना दिसत नाही, तशी धून लंगडी होत गेली आणि कुणाला दिसली नाही.

संध्याकाळी तिनं बशीरला गाठलं.

"आब्बा, आपला बँड कुकू वाजवतोय."

बशीरनं कागद दिव्याखाली धरला. मग एका ठिपक्याजवळ बोट नेलं. "ह्यो माझा हाय. तू पाचवीत हुतीस तवाचा."

"आन तुमी त्योच वाजवताय?"

"मास्तर म्हणले, बशीर, हितं लांबव. मी लांबवलं."

"सोता लावलेला ठिपका वळखला न्हाई?"

"वाजवताना कोण वळखतंय गं? लावताना ते कुकू असतंय. वाजवताना कागद असतोय." बशीरनं कागदाची घडी घातली. "मास्तरला सांगू नगंस. म्हातारं कोसळंल."

"न्हाई सांगितलं तर त्येंच्या उस्तादापुढं लंगडं वाजंल. मग काय हुईल?"

बशीर क्लॅरिनेट पुसत बसला.

फिरदोसनं मास्तरांना सांगितलं. सांगताना तिनं 'चूक' हा शब्द वापरला नाही, 'फरक' म्हणाली. मास्तरांनी भिंग मागवलं. एकेक कागद उचलला, भिंग फिरवलं, ठेवला. युफोनियमच्या कागदावर सगळ्यात जास्त ठिपके होते, कारण मास्तर भक्तिमान माणूस, त्यांचं एका बोटावर भागत नसे.

"म्हंजे उस्तादांची धून मी…" एवढंच म्हणाले. मग आत तोंड करून ओरडले, "बने, कुकवाचा करंडा कपाटात ठिव. आन किल्ली माझ्याजवळ दे."

"माझं कपाळ काय मोकळं ठिवू व्हय?" बनुबाई आतून म्हणाली.

"तुला कोण वाजवत न्हाई. तू लाव."

हुकूम निघाला. तिसरं सॉफ्टवेअर भरती. तेच कागद छापायचे, त्याच्यावरनंच वाजवायचं. छापखान्यात एका साखरपुड्याच्या ऑर्डरमधून उरलेल्या जाड कागदावर फिरदोसनं स्वच्छ नोटेशन छापलं. मागच्या बाजूला गणपती आला, त्याला इलाज नव्हता.

तालमी सुरू झाल्या. बँड सरळ वाजवायला शिकू लागला. ते बघवत नव्हतं. बारा माणसं वर्षानुवर्षं एका पायावर रेंगाळत आलेली. त्यांना मधलं रेंगाळणं काढायला लावलं तर ती पायरी चुकल्यागत पुढं कोसळायची.

"मास्तर," रमी सोडून परत आलेला नाथाजी म्हणाला, "सरळ चालाय लागलं की मला पिल्यागत वाटतंय."

"कागदावर हाय ते वाजीव."

"तेच तर करतोय. कागदच पिल्यागत वाटतोय."

मास्तर हसले नाहीत. ते त्या दिवसांत हसतच नव्हते. तालीम संपली की एकटेच स्वच्छ कागद मांडीवर घेऊन बसायचे आणि बोटानं मांडीवर ठेका धरायचे. फिरदोसला वाटायचं, माणूस आपल्याच घरात पाहुणा म्हणून आलाय.

मग साताऱ्याचा दिवस उजाडला. त्या दिवशी जे झालं नाही ते असं.

मंगल कार्यालयापुढच्या मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीत सुभेदार घोरपडे बसले होते. छातीवर पदकं, हातात काठी. पदकांच्या वजनानं ते जरा पुढं झुकले होते. कार्यक्रम असा होता, की पलटणीचे सगळे निवृत्त जवान रांगेत संचलन करत उस्तादांसमोरून सलामी देत जातील आणि बँड धून वाजवेल. फिरदोस बँडच्या मागं उभी होती. कागद वाऱ्यानं उडाले तर पकडायचे, एवढंच काम तिला दिलं होतं.

मास्तरांनी छडी उचलली. धून निघाली, स्वच्छ आणि सरळ, तिसऱ्या सॉफ्टवेअरनं दिली होती तशी.

जवान निघाले. आणि लगेच गडबड झाली. पहिल्या रांगेतल्या एकाचे दोन्ही गुडघे बदललेले होते. त्याच्या शेजारच्याच्या मांडीत जुनी गोळी होती. तिसऱ्याला युरिक ॲसिड. उरलेल्यांना नुसतं वय. धून म्हणायची डावा, तोवर यांचा उजवा अजून हवेत. रांग फुटली. मागचे पुढच्यांवर आले. माईकवरचे गृहस्थ "कदम मिलाओ, कदम मिलाओ" म्हणत राहिले, तशी रांग अजून बिघडली. एक आजोबा रांगेतून बाहेर येऊन खुर्ची शोधायला लागले. उस्तादांनी काठी उचलली आणि जमिनीवर ठोकली.

मास्तरांच्या मानेवरचा घाम फिरदोसला मागूनही दिसला.

तेव्हाच तिला दिसलं, की बशीर कागदाकडं बघत नाहीये. तो त्या बदललेल्या गुडघ्यांकडं बघतोय. गुडघा उचलला गेला, हवेत थांबला, आणि तो खाली येईपर्यंत बशीरनं सूर सोडलाच नाही. ती पाचवीत होती तेव्हाचा तो ठिपका त्यानं पूर्ण लांबवला. नाथाजीची झांज त्या सुराच्या टोकाला बरोब्बर येऊन पडली, कारण तिची तिथंच पडायची सवय होती. मग ढोल. मग सॅक्सोफोनवाले, जे वरातीत याच चालीवर नाचून मोठे झाले होते. चार पावलांत अख्खा बँड जुन्या चालीवर आला.

आणि रांग जुळली. धून रेंगाळली तिथं दुखरा पाय सावकाश टेकला, धून घाईला आली तिथं चांगला पाय पुढं गेला. म्हातारे ताठ झाले. खुर्चीकडं गेलेले आजोबा परत रांगेत शिरले. साऱ्या मैदानात सगळ्यांचे पाय एकाच कुंकवावर टेकत होते.

फक्त मास्तरांची छडी हवेत अडकली होती. समोरच्या कागदावर एक होतं आणि कानात दुसरं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा बँड कागद सोडून वाजवत होता, म्हणजे हुकूम मोडत होता. त्यांनी उस्तादांकडं बघितलं. उस्ताद काठीनं ठेका धरत होते. मास्तरांनी डोळे मिटले आणि छडी खाली आणली, रेंगाळत.

संपल्यावर ते उस्तादांपुढं गेले आणि सलाम ठोकला.

"साहेब, चुकी झाली. कागदावर असं न्हाई."

"जोत्या," उस्ताद म्हणाले, "बरोबर. अगदी बरोबर. तवापण असंच हुतं."

मास्तरांचा सलाम खाली यायचं नाव घेईना. शेवटी बशीरनं दंडाला धरून त्यांना बाजूला नेलं.

उस्तादांचं कानातलं मशीन त्या दिवशी घरीच चार्जिंगला राहिलं होतं आणि सकाळपासून त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते फक्त पाय बघत होते. हे त्यांच्या सुनेनं फिरदोसला पाणी देताना सांगितलं. फिरदोसनं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथं छापलंय ते वेगळं.

तर असं झालं नाही. आष्ट्याला परत आल्यावर बैठकीत तसं ठरलं, कारण झालं असं धरलं तर बारा जणांनी भर मैदानात हुकूम मोडला असाही अर्थ होतो, आणि मास्तरांना बारा जणांना शिक्षा करावी लागते. आता एकच काम उरलं. जे वाजलं ते बरोबर होतं असं उस्तादांनी म्हटलंय, तेव्हा कागद त्याप्रमाणं झाला पाहिजे.

"मी घालते की काका ठिपके," फिरदोस म्हणाली. "सॉफ्टवेअरमधी बटण हाय. दोन मिंटाचं काम."

"तू घालणार?" मास्तरांनी तिच्याकडं रोखून बघितलं. "तुझी रँक काय?"

"रँक न्हाई, पर डीटीपीत…"

"हातानं घातला तर त्यो तुझ्या मनाचा ठिपका झाला. बँड मनाचं वाजवत न्हाई. जुन्या कागदावर हाय, तितनंच मशीननं वाचून आणला पायजे. आन फुडच्या खंडेनवमीला नवीन लागतील, ते बी."

"त्ये मशीन कुकू पुसतंय, काका. त्येला त्यो डाग वाटतोय."

"मग त्येच्या वरच्याला कळीव. अर्ज लिही. मी सांगतो."

म्हणून त्या रात्री बनुबाईला करंड्याची किल्ली परत मिळाली आणि फिरदोसनं पाटावर लॅपटॉप ठेवून, मास्तर सांगतील तसा, परदेशातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीला अर्ज लिहिला. तो असा:

*प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, ग्राहक सेवा विभाग, यांचे सेवेशी.*

*विषय: धार्मिक ठिपक्यांना सांगीतिक मान्यता मिळणेबाबत.*

*महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले सॉफ्टवेअर आमच्या बँडमध्ये रीतसर भरती झालेले असून त्याची वागणूक चांगली आहे. तथापि ते छापील नोटेशन वाचतेवेळी त्यावरील कुंकू परस्पर पुसून टाकते, त्यामुळे माजी सैनिकांचे पाय टेकण्यास अडथळा निर्माण होत आहे. तरी सुराच्या उजव्या अंगास लावलेले कुंकू हे डाग न समजता दीडपट धरण्यात यावे, हळद मात्र हिशेबात घेऊ नये, आणि सदर सुधारणा येत्या खंडेनवमीपूर्वी अमलात आणावी. तसेच ठिपका नेमका कोठे टेकवला असता आपल्या यंत्रास नीट वाचता येईल, हे समक्ष बोट लावून दाखविण्यासाठी आपल्या कार्यालयातील एक जबाबदार अधिकारी पूजेच्या दिवशी सकाळी आंघोळ करून आष्टा मुक्कामी पाठवावा, व त्याने येताना स्वतःचे वाद्य सोबत आणावे, ही नम्र विनंती.*